मृगदाय आणि मृगवन : हरणावर हक्क कोणाचा?

अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात गर्भगृहातील भगवान बुद्धांची मूर्ती धम्मचक्रप्रवर्तनाच्या मुद्रेत आहे. आसनाच्या खालच्या पट्टीवर चक्र कोरलेले असून त्याच्या दोन्ही बाजूंस हरणे बसलेली आहेत. चक्र आणि हरणे ही जोडी आज अनेक विहारांच्या दर्शनी भागावर दिसते. हरणे तेथे का, असे विचारल्यास आपल्याकडील लहान मूलही सांगेल की, तथागतांनी पहिला उपदेश वाराणसीजवळ इसिपतन येथील मिगदायात केला म्हणून. हे उत्तर बरोबर आहे. परंतु त्या उत्तरामागे आणखी काही प्रश्न दडलेले आहेत. मिगदाय हे वन कोणाच्या सत्तेखाली होते? तेथील हरणांना अभय कोणी व कोणापासून दिले? आणि ती हरणे ज्यांच्या शेतांत चरत, त्या कुणब्यांचे काय झाले? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करू इच्छितो. कारण हरणाच्या शिकारीचा इतिहास हा बहुतांशी जमिनीच्या मालकीचा आणि माणसामाणसांतील विषमतेचा इतिहास आहे, असे आमचे मत झाले आहे.

'मिगदाय' या शब्दाचा अर्थ पाली अट्ठकथाकार असा देतात की, मृगांना अभय म्हणून दिलेले स्थान. संस्कृत ग्रंथांत 'मृगदाव' असेही रूप आढळते. त्याचा अर्थ केवळ हरणांचे रान एवढाच होतो. पण बौद्ध परंपरेने 'दाय' म्हणजे दान, हा अर्थ जपला. इसवी सनाच्या सातव्या शतकात चिनी भिक्षू ह्युएन-त्संग सारनाथला आला, तेव्हा त्यालाही हीच हकिकत ऐकायला मिळाली. राजाने हे रान हरणांना देऊन टाकले, म्हणून त्याला हे नाव पडले, असे त्याने नोंदविले आहे. धम्मचक्र ज्या भूमीवर फिरले ती भूमी एका राजाने शिकारीचा हक्क सोडून दिलेली भूमी होय, ही परंपरेची श्रद्धा आहे. तिची शब्दशः ऐतिहासिकता सिद्ध करता येणार नाही. मात्र ज्या समाजाने ही कथा रचली व सांभाळली, त्याला राजाच्या मृगयेचा कसा अनुभव होता, हे त्या कथेतून निश्चित कळते.

राजाची मृगया आणि रयतेचा खोळंबा

ही कथा म्हणजे निग्रोधमिग जातक. जातकसंग्रहात तिचा क्रमांक बारावा आहे. भारहुतच्या स्तूपावरील एका शिल्पाखाली 'इसिमिगो जातकं' अशी अक्षरे आहेत आणि ते शिल्प याच कथेचे असल्याचे अभ्यासक मानतात. म्हणजे पाली गद्यकथा आज आहे त्या रूपात पुष्कळ उशिरा लिहिली गेली असली, तरी कथा इसवी सनापूर्वीची आहे.

कथेचा पूर्वार्ध सर्वांस ठाऊक आहे. गर्भवती हरिणीची पाळी आली असता निग्रोध हा मृगराज तिच्याऐवजी स्वतः ठोकळ्यावर मान ठेवतो आणि राजा विरघळतो. परंतु कथेची सुरुवात आणि शेवट यांकडे आपले दुर्लक्ष होते. सुरुवातीस असे सांगितले आहे की, वाराणसीच्या राजाला मांसाशिवाय जेवण जात नसे. तो दररोज नगरातील व जनपदातील लोकांना कामे सोडावयास लावून हाकाऱ्यासाठी रानात नेई. नांगर उभे राहात, धंदे बुडत. अखेर लोकांनी एकत्र बसून उपाय योजला. राजाच्या उद्यानात गवत पेरावे, पाण्याची सोय करावी, रानातील हरणे एकदाच हाकून आत कोंडावी आणि दार लावून ती राजाच्या स्वाधीन करावी. मग राजाने हवी तेव्हा शिकार करावी आणि आपण आपली कामे करावी. साकेत नगरीची पार्श्वभूमी असलेल्या नंदियमिग जातकातही कोसलच्या राजाच्या मृगयेला कंटाळलेले लोक हाच मार्ग धरतात.

या तपशिलाचे महत्त्व मोठे आहे. हरणे रानात होती तोवर ती कोणाचीच नव्हती. राजाच्या कुंपणात आली तेव्हा ती राजाची झाली. ज्यांनी हाकारा घातला, त्यांना त्या मांसाचा वाटा मिळाल्याचे कथेत कोठेही नाही. त्यांना मिळाली ती केवळ वेठीतून सुटका. सार्वजनिक रानाचे राजाच्या खाजगी मृगवनात रूपांतर कसे होते, याचे इतके स्पष्ट चित्र प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडेल.

शेवट याहूनही विचार करावयास लावणारा आहे. निग्रोधाच्या विनंतीवरून राजा प्रथम उद्यानातील, नंतर बाहेरील सर्व हरणांस आणि पुढे पशु, पक्षी व मासे यांसही अभय देतो. मग निर्भय झालेली हरणे लोकांच्या शेतांत शिरून पिके खाऊ लागतात. राजाचे अभय असल्यामुळे त्यांना मारण्याची कोणाची छाती होत नाही. शेतकरी राजवाड्यासमोर जमून गाऱ्हाणे घालतात. राजा म्हणतो की, राज्य गेले तरी दिलेला शब्द मोडणार नाही. अशा वेळी तोडगा निग्रोधच काढतो. तो आपल्या कळपांना बोलावून दुसऱ्याचे पीक खाण्यास मनाई करतो आणि शेतकऱ्यांना निरोप धाडतो की, कुंपण घालू नका, फक्त शेताच्या हद्दीवर खूण म्हणून पाने बांधा. तेव्हापासून शेताला पाने बांधण्याची चाल पडली, असे कथाकार सांगतो.

येथे जातककाराने एक गोष्ट नाकारलेली नाही. अभयाचेही मोल असते आणि ते मोल प्रथम शेतकऱ्याला मोजावे लागते. शेतकऱ्यांची तक्रार कथेत खोटी ठरविलेली नाही, की त्यांना हिंसक म्हणून हिणविलेले नाही. त्यांच्या हद्दीचा मान राखण्याची जबाबदारी, ज्याला अभय मिळाले, त्याने उचलली आहे.

कौटिल्याचे मृगवन

याच्या शेजारी कौटिलीय अर्थशास्त्र ठेवून पाहावे. दुसऱ्या अधिकरणात लागवडीस अयोग्य अशा जमिनीची व्यवस्था सांगितली आहे. तेथे राजाच्या विहारासाठी, म्हणजे क्रीडेसाठी, एक मृगवन राखावे असे म्हटले आहे. त्याला एकच दार असावे, भोवती खंदक असावा, आत गोड फळांची झाडे व झुडपे असावीत, काटेरी झाडे नसावीत, आणि हिंस्र श्वापदांची नखे व दात काढलेले असावेत. राजाला धोका न पत्करता शिकार साधावी, ही त्यामागील योजना. याखेरीज दुसरे एक मृगवन सर्व प्राण्यांना आश्रय म्हणून असावे, असेही तेथे सांगितले आहे.

त्याच अधिकरणात सूनाध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये आहेत. अभयवनातील संरक्षित मृग, पशु, पक्षी किंवा मासे यांना मारणाऱ्यास वा पकडणाऱ्यास उत्तम दंड, आणि कुटुंबवत्सल गृहस्थाने अभयवनात तसे केल्यास मध्यम दंड, अशी तरतूद आहे. जे प्राणी संरक्षित नाहीत, ते पकडले तरी त्यांतील ठराविक हिस्सा राजाचा. म्हणजे अभयवनात शिकार केल्यास दंड आणि बाहेर केल्यास कर. दोन्हीकडून कोठार राजाचेच भरते. आठव्या अधिकरणात व्यसनांची चर्चा करताना कौटिल्य मृगया ही द्यूतापेक्षा बरी ठरवितो, कारण तिच्यात व्यायाम घडतो.

मनुस्मृतीत या भेदाला वर्णाचा शिक्का बसला. सातव्या अध्यायात राजाची मृगया हे कामज व्यसन म्हणून टाळावे असा उपदेश आहे. तो राजाच्या हितासाठी आहे. दहाव्या अध्यायात मात्र मेद, आंध्र, चुंचु, मद्गु अशा जातींना रानातील पशू मारणे हीच वृत्ती नेमून दिली आहे आणि त्यांची गणना हीन जातींत केली आहे. हरीण तेच, बाण तोच. राजाच्या हाती तो खेळ आणि त्याचा दोष सुटण्याजोगा. वनवासी माणसाच्या हाती तो जन्माचा कलंक. हा दुहेरी न्याय आमच्या वाचकांना अपरिचित नाही.

अशोकाने काय केले?

या पार्श्वभूमीवर सम्राट अशोकाचे शिलालेख वाचले म्हणजे त्यांचे वेगळेपण ध्यानात येते. पहिल्या शिलालेखात तो कबुली देतो की, पूर्वी त्याच्या मुदपाकखान्यात रोज लक्षावधी प्राणी मारले जात. लेख कोरला त्या वेळी ती संख्या तीनवर आली होती : दोन मोर आणि एक हरीण. त्यातही हरीण नेहमी नसे. आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे तो जाहीर करतो. सम्राटाने आपल्या स्वयंपाकघराचा हिशेब प्रजेसमोर दगडावर मांडावा, ही गोष्ट जगाच्या इतिहासात विरळा आहे.

आठवा शिलालेख आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत. तीत मृगया व तशीच इतर करमणूक असे. अशोकाने राज्याभिषेकास दहा वर्षे झाली असता संबोधीला, म्हणजे बोधगयेला, भेट दिली आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. तीत श्रमण-ब्राह्मणांची भेट व दान, वृद्धांना साहाय्य, आणि जनपदातील लोकांना भेटून धम्माविषयी बोलणे या गोष्टी होऊ लागल्या. ज्या वाटेने पूर्वी राजा हाकाऱ्याची माणसे घेऊन जाई, त्याच वाटेने तो लोकांची विचारपूस करीत जाऊ लागला. 'विहार' हा शब्द कौटिल्याच्या ग्रंथात राजाच्या क्रीडेसाठी येतो. आज तो उच्चारताना आपल्या डोळ्यांसमोर बुद्धविहार उभा राहतो.

महाराष्ट्रातील वाचकांनी हे विशेषत्वाने लक्षात ठेवावे की, मुंबईजवळ सोपारा येथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली अशोकाच्या शिलालेखाचा जो तुकडा सापडला, तो नेमका याच आठव्या लेखाचा आहे. राजाने मृगया सोडल्याची वार्ता आपल्या किनाऱ्यावरील बंदरातही कोरून ठेवलेली होती.

१९५८ साली अफगाणिस्तानात कंदाहार येथे ग्रीक व अरामी अशा दोन भाषांतील लेख उजेडात आला. त्यात म्हटले आहे की, राजा प्राणिहत्येपासून दूर राहतो आणि राजाचे जे शिकारी व कोळी होते, त्यांनीही शिकार थांबविली आहे. येथेही क्रम पाहण्याजोगा आहे. प्रथम राजा, आणि त्यानंतर इतरेजन व राजाचे नोकर. राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे, निष्कारण किंवा जीवहत्येसाठी रान पेटवू नये अशी आज्ञा आहे, आणि ठराविक तिथींना गजवनांत व मासेमारीच्या राखीव जागी प्राणी मारण्यास मनाई आहे. या लेखांत शिकाऱ्यासाठी दंडाचा आकडा दिलेला नाही.

बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात या स्तंभलेखाची चर्चा केली आहे. गाईविषयी अशोकाला काही विशेष आस्था होती, असे या लेखावरून दिसत नाही. जेथे आवश्यकता नाही तेथे जीव घेऊ नये, एवढेच त्याचे धोरण होते, असे त्यांनी दाखवून दिले. अशोकाच्या अहिंसेला पुढील काळातील गोवंशाच्या राजकारणाशी जोडणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

तथापि इतिहासाशी प्रामाणिक राहावयाचे तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेराव्या शिलालेखात अशोक आटविकांना, म्हणजे रानातील लोकांना, सामोपचाराने वागवितो, पण आपल्या अंगी दंड करण्याचे सामर्थ्य आहे याचीही त्यांना जाणीव देतो. रानात राहणारा माणूस आणि राज्यसत्ता यांच्यातील ताण धम्मराजाच्या काळातही पूर्णपणे मिटला नव्हता.

शिकारी हा माणूस

बुद्धांनी उपासकांसाठी वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत प्राण्यांचा आणि मांसाचा व्यापार येतो. शिकारीचा धंदा हा सम्यक् आजीव नव्हे, याविषयी शंका नाही. परंतु धंदा वर्ज्य म्हणजे माणूस वर्ज्य, असे धम्माने कधी मानले नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेत कुक्कुटमित्त नावाच्या पारध्याची कथा आहे. राजगृहातील एका श्रीमंताची मुलगी त्याच्याबरोबर निघून गेली होती. ती स्वतः स्रोतापन्न होती. एके दिवशी फासात काहीच न सापडल्याने चिडलेला कुक्कुटमित्त झाडाखाली बसलेल्या बुद्धांवरच बाण रोखतो. शेवटी तो, त्याचे सात पुत्र आणि सुना, सर्व धम्माच्या मार्गावर येतात. तथागत राजाच्या प्रासादात गेले, तसेच पारध्याच्या फासापर्यंतही चालत गेले. मनूने ज्याला गावाबाहेर ठेवले, त्याच्या घरात धम्माने उपासक पाहिले.

साहेबाची शिकार आणि पारध्याचा गुन्हा

राजाचे मृगवन ही केवळ भारतातील गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये विल्यम राजाने १०७९ च्या सुमारास 'न्यू फॉरेस्ट' हे रान शिकारीसाठी राखले. हरीण मारणाऱ्याचे डोळे काढण्याची शिक्षा त्याने लावली होती, असे तेथील जुना इतिवृत्तकार नोंदवितो. १२१७ च्या वनसनदेने हरणासाठी कोणाचा जीव वा अवयव जाणार नाही, असे मान्य केले. तरीही १७२३ साली तोंडाला काळे फासून हरणे चोरणाऱ्यांना फाशी देणारा कायदा त्याच देशात झाला.

याच परंपरेत वाढलेले राज्यकर्ते येथे आले. अजिंठ्याची लेणी १८१९ साली जॉन स्मिथ या गोऱ्या लष्करी अधिकाऱ्याच्या नजरेस पडली, ती तो वाघाच्या शिकारीस गेला असता. पुढे १८६५, १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी गावोगावची राने सरकारी राखीव जंगले झाली. त्यांत शिकारीसाठी परवाने देण्यात येऊ लागले आणि ते साहेबांना व त्यांच्या पाहुण्यांना सहज मिळत. १८७८ च्याच शस्त्र कायद्याने रयतेच्या हातातील बंदुकीवर परवान्याचे बंधन आणले. महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जंगलखात्याने गावची गायराने व डोंगर गिळल्याबद्दल सरकारवर कोरडे ओढले आहेत; आणि रानडुकरांपासून पिके राखण्यासाठी शेतकऱ्यांना बंदुका बाळगू द्याव्यात, अशी मागणीही केली आहे. निग्रोधमिग जातकातील शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे दोन हजार वर्षांनंतर पुण्याच्या एका माळ्याने पुन्हा सरकारदरबारी मांडले, असेच म्हणावे लागेल.

संस्थानिकांचीही स्वतंत्र शिकारखाने होती. कोल्हापूर संस्थानात शिकवून तयार केलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे. दाजीपूरचे रान संस्थानच्या शिकारीसाठी राखलेले होते आणि १९५८ साली ते अभयारण्य झाले. राजर्षी शाहू महाराज स्वतः शिकारीचे शौकीन होते. परंतु त्याच राजाने फासेपारध्यांना काम व आसरा दिला आणि काही जातींवर लादलेली हजेरीची पद्धत १९१८ मध्ये बंद केली, हेही विसरता येत नाही.

इतरत्र पारध्यांच्या वाट्याला काय आले? फास लावून, बैलाच्या आडोशाने काळवीट धरण्याचे कसब ज्यांच्याकडे होते, त्यांना १८७१ च्या कायद्याच्या परंपरेने जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. लोकांच्या मनातून तो अद्याप पुरता गेलेला नाही. एकाच माळरानावर, एकाच काळात, बंदुकीने काळवीट टिपणारा पाहुणा भिंतीवर शिंगे लावीत होता आणि फासाने धरणारा पारधी पोलिसपाटलाकडे हजेरी देत होता.

आजचा प्रश्न

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे चित्र पालटले. आरंभी त्यात काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची सोय शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीनंतर तीही गेली. आज हरीण सरकारी जंगलात असो की कोणाच्या सातबाऱ्यावरील शेतात, त्याला मारणे गुन्हा आहे. आणि मारले गेलेले वन्य जनावर कायद्याने सरकारची मालमत्ता ठरते. धनिकाचा आणि साहेबाचा हक्क निदान कागदावर तरी संपला, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. काळवीट आज दिसते ते या कायद्यामुळे.

परंतु ओझे सर्वांवर सारखे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र केवळ २.१७ चौरस किलोमीटर. काळविटाला ही हद्द ठाऊक नसते; ते शेजारच्या ज्वारीत उतरते. भरपाईची तरतूद आहे, पण तिच्यासाठी अर्ज आणि पंचनामा यांचे हेलपाटे लहान शेतकऱ्यालाच घालावे लागतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासींचे अनेक हक्क मान्य केले, मात्र शिकारीचा व फास लावण्याचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला. हे वगळणे आम्ही चूक मानीत नाही. पण ज्याचा पिढ्यानपिढ्यांचा धंदा समाजाच्या व प्राणिमात्राच्या हितासाठी बंद केला, त्याला जमीन, शिक्षण आणि सन्मानाचे काम देण्याचे कर्तव्य समाजाचे नाही काय?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेची जी मांडणी केली आहे, ती येथे मार्ग दाखविते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत तथागतांनी भेद केला. अहिंसा हा त्यांनी नियम म्हणून न सांगता तत्त्व म्हणून सांगितला, असे बाबासाहेब म्हणतात. राजाची मृगया, साहेबाची शिकार आणि आजच्या सधन शिकाऱ्याची रात्रीची मोटार, ही सर्व मारण्याच्या इच्छेची रूपे आहेत. उपाशी पारध्याचा फास आणि पीक वाचविण्यासाठी धडपडणारा शेतकरी यांच्यामागे गरज आहे. इच्छेला आवर घालावा लागतो. गरज मात्र दूर करावी लागते. दोघांना एकाच मापाने मोजणारा कायदा दिसायला समान असला, तरी त्याचा भार एकाच बाजूला पडतो.

अशोकाचे थोरपण केवळ त्याने हरणांना वाचविले यात नाही. आपल्या ताटातील हरीण त्याने आधी कमी केले, आपल्या शिकाऱ्यांना थांबविले आणि इतरांनाही सांगितले. आणि जातककाराचे शहाणपण असे की, अभय दिल्यावर शेतकऱ्याच्या बांधाची आठवण ठेवली. आपल्या विहारांत चक्रापाशी बसलेली हरणे मुलांना दाखविताना आपण या दोन्ही गोष्टी त्यांना सांगाव्यात. ज्या पारधी वस्तीतील मुले आजही शाळेच्या दारातून संशयाने परतविली जातात, त्या वस्तीपर्यंत आपली धम्मयात्रा पोहोचली, तर मिगदायाचा वारसा आपण सांभाळला, असे म्हणता येईल.